मॅटप्लॉटलिबमध्ये हिस्टोग्रामचे रंग: कुठून येतात, नीट कसे लावायचे, आणि लायब्ररीतच सुधारणा करायची असेल तर

मॅटप्लॉटलिब ही पायथनमधली आलेख काढायची लायब्ररी. तिचं हिस्ट हे हिस्टोग्राम काढणारं फंक्शन चालवलं की निळे बार मिळतात. त्यापुढे बरेच जण चाचपडतच जातात. आधी कलर देऊन पाहायचं, नाही जमलं तर फेसकलर, मग अल्फा (पारदर्शकता) कमी-जास्त करायचा आणि बरं दिसलं की थांबायचं. अशाने एखादा आलेख निभावून जातो. पण डेटासेट वाढले, छपाई काळ्या-पांढऱ्यात झाली किंवा लायब्ररीची आवृत्ती बदलली की तोच कोड दगा देतो. हिस्टोग्रामचा रंग चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून येतो आणि त्यांत कोण कोणावर मात करतं हे ठरलेलं आहे. हा अग्रक्रम कळला की बाकीचे निर्णय तुमच्या हातात येतात.

फंक्शन आणि पॅरामीटर यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायची. अंडरस्कोर किंवा टिंब लागतं तिथे तसं सांगितलं आहे. आवृत्ती ३.१० (डिसेंबर २०२४) किंवा त्यापुढची धरली आहे.

रंग येतो कुठून

सगळ्यात खालचा थर म्हणजे आरसी-पॅराम्स, म्हणजे लायब्ररीच्या मूळ सेटिंग्ज. इथे पहिली गफलत होते. पॅच-टिंब-फेसकलर ही सेटिंग बदलली की हिस्टोग्रामचा रंग बदलेल असं वाटतं, पण बदलत नाही. हिस्ट तिकडे पाहतच नाही. ते रंग घेतं अ‍ॅक्सेसच्या (आलेखाच्या चौकटीच्या) प्रॉपर्टी सायकलमधून, जिथून रंग ठरलेल्या क्रमाने एकामागून एक उचलले जातात, म्हणजे अ‍ॅक्सेस-टिंब-प्रॉप-अंडरस्कोर-सायकल या सेटिंगमधून. २०१७ साली आवृत्ती २.० आली तेव्हापासून या सायकलमध्ये दहा रंग आहेत. पहिला निळा (लाल ३१, हिरवा ११९, निळा १८०), दुसरा नारिंगी (२५५, १२७, १४), तिसरा हिरवा (४४, १६०, ४४), चौथा लाल (२१४, ३९, ४०). सगळ्या आलेखांचे रंग एकदम बदलायचे असतील तर बदल इथेच करायचा.

हे सायकल हिस्ट आणि साधी रेघ काढणारं प्लॉट यांच्यात सामायिक आहे. म्हणून हिस्टोग्रामवर लगेच एखादी रेघ काढली की ती नारिंगी येते. बार फंक्शनचा हिशेब मात्र वेगळा, त्याचं सायकल स्वतंत्र चालतं. आणखी एक बारकावा: तुम्ही कलर दिलात तर सायकलमधला रंग खर्च होत नाही, पण फक्त फेसकलर दिलात तर होतो. कारण कलर रिकामा दिसला की हिस्ट आधी सायकलमधून रंग उचलतं आणि नंतर त्यावर तुमचा फेसकलर चढवतं. पुढच्या रेघेचा रंग अनपेक्षित आला तर पहिला संशय याच्यावर घ्यावा.

त्यावरचा थर कलर पॅरामीटरचा. याचा नियम म्हणजे एका डेटासेटला एक रंग. तीन डेटासेट आणि दोन रंग दिले तर हिस्ट थेट एरर देतं आणि दोन्ही संख्या सांगतं. हा एरर उपयोगाचा आहे, कारण तो बऱ्याचदा रंगांबद्दल नसून डेटाच्या आकाराबद्दल असतो. नम्पाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा २ × १००० आकाराचा अ‍ॅरे दिला तर हिस्ट प्रत्येक स्तंभ वेगळा डेटासेट समजतं. म्हणजे दोन नव्हे, हजार डेटासेट. त्याच दोन ओळी यादी म्हणून दिल्या तर मात्र दोनच डेटासेट धरले जातात. एररमध्ये अशी भलतीच मोठी संख्या दिसली तर रंग तपासत बसू नका, अ‍ॅरे ट्रान्सपोज करा, म्हणजे ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल करा.

त्याच्या वर फेसकलर (आतला रंग) आणि एजकलर (कडेचा रंग). कलर आणि फेसकलर दोन्ही दिले तर हिस्टमध्ये आतल्या रंगासाठी फेसकलर जिंकतो. याद्या देता येतात, पण ३.१० पासूनच, त्याआधी फेसकलरला रंगांची यादी दिली की रंग अवैध असल्याचा एरर यायचा, कारण ती अख्खी यादी प्रत्येक बारला लावायचा प्रयत्न व्हायचा. आताही एक फरक लक्षात ठेवायला हवा. कलरची यादी अपुरी पडली तर एरर येतो, पण फेसकलर, एजकलर, हॅच (भरावातली नक्षी), लाइनविड्थ (रेघेची जाडी) आणि लाइनस्टाइल यांच्या याद्या अपुऱ्या पडल्या तर त्या गुपचूप पहिल्यापासून पुन्हा सुरू होतात. चार डेटासेटना तीन फेसकलर दिले तर पहिला आणि चौथा एकाच रंगाचे निघतील आणि कोणी सावध करणार नाही. म्हणून डेटासेट ओळखायला लागणारे रंग कलरमधूनच द्यावेत, फेसकलर सजावटीपुरता ठेवावा.

सगळ्यात वरचा थर म्हणजे हिस्टने परत दिलेल्या बारवर नंतर केलेले बदल. हिस्ट तीन गोष्टी परत देतं: प्रत्येक बिनमधली (एका बारखाली येणाऱ्या गटातली) संख्या, बिनच्या कडा आणि काढलेले पॅच, म्हणजे बारचे आकार. त्या पॅचवर सेट-अंडरस्कोर-फेसकलर चालवलं की आधीचं सगळं मागे पडतं. इथे सेट-अंडरस्कोर-कलर वापरू नये. ते आतला आणि कडेचा असे दोन्ही रंग एकदम बदलतं आणि तुम्ही मुद्दाम दिलेल्या पांढऱ्या कडा नाहीशा होतात.

नमुन्याला पेंग्विन

पुढचं सगळं एका खऱ्या डेटावर पाहू. अंटार्क्टिकातल्या पामर स्टेशनच्या परिसरात २००७ ते २००९ या काळात मोजलेल्या ३४४ पेंग्विनचा संच सगळीकडे सहज मिळतो. सीबॉर्न या दुसऱ्या आलेख-लायब्ररीमधूनही एका ओळीत येतो. त्यात १५२ अ‍ॅडेली, ६८ चिनस्ट्रॅप आणि १२४ जेंटू आहेत. पंखाची लांबी मिलिमीटरमध्ये आहे, १७२ ते २३१ या पल्ल्यात. अ‍ॅडेलीची सरासरी १९० च्या आसपास, चिनस्ट्रॅपची १९६, जेंटूची २१७. म्हणजे दोन जाती एकमेकींत मिसळलेल्या आणि तिसरी बाजूला. रंगांची परीक्षा घ्यायला असाच डेटा हवा.

पायरी १. गाळलेल्या नोंदी काढा. दोन पेंग्विनच्या पंखाची लांबी नोंदलेली नाही. हिस्ट स्वतः असे रिकामे आकडे सांभाळून घेतं, पण आपण बिनच्या कडा नम्पायकडून वेगळ्या काढून घेणार असू तर नम्पाय पल्ला ठरवता येत नाही म्हणून एरर देतं. म्हणून ड्रॉप-एन-ए आधीच करावं.

पायरी २. बिन सगळ्यांना एकच द्या. रंगांच्या लेखात बिन कशाला, असं वाटेल. पण प्रत्येक जातीसाठी हिस्ट वेगळं चालवलं तर मूळ सेटिंगप्रमाणे दहा बिन त्या-त्या जातीच्या पल्ल्यात पाडले जातात. मग तिन्ही रंगांचे बार वेगवेगळ्या रुंदीचे, वेगवेगळ्या जागी सुरू होणारे निघतात आणि रंगांची तुलना खोटी ठरते. इथे १७० पासून २३५ पर्यंत ५ मिमीच्या कडा घेतल्या की १४ कडा, १३ बिन मिळतात. नम्पायच्या अरेंजला शेवट २३६ द्यायचा. २३५ दिला तर शेवटची कड गळते आणि २३० च्या वरचे पेंग्विन आलेखातून गायब होतात.

पायरी ३. संख्या की घनता ते ठरवा. ६८ चिनस्ट्रॅपचे बार १५२ अ‍ॅडेलींच्या बारपुढे बुटके दिसणारच. आकाराची तुलना करायची असेल तर डेन्सिटी चालू करा. एकाच कॉलमध्ये अनेक डेटासेट दिले तर प्रत्येकाचं क्षेत्रफळ वेगळं १ होतं. स्टॅक्ड आणि डेन्सिटी दोन्ही चालू केले तर मात्र सगळ्यांचं मिळून १ होतं. सीबॉर्नच्या हिस्टप्लॉटमध्ये मूळ वागणूक याच्या उलट आहे: तिथे कॉमन-अंडरस्कोर-नॉर्म चालू असतं, त्यामुळे स्टॅक न करताही बेरीज सगळ्यांची मिळून १ होते. एकाच अहवालात दोन्ही लायब्ररी वापरणाऱ्यांनी हे नक्की तपासावं.

रंग निवडणं

मूळ सायकलमधले रंग स्क्रीनवर चांगले दिसतात. छपाईत घात होतो. रंगाची राखाडी छटा काढायचं नेहमीचं सूत्र म्हणजे लालचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७ आणि निळ्याचे ०.११४ पट करून बेरीज. ते लावलं तर सायकलमधला निळा १०० वर येतो, हिरवा ११२ वर, लाल ९१ वर. नारिंगी तेवढा १५२ वर सुटतो. म्हणजे झेरॉक्स काढली की निळा, हिरवा आणि लाल जवळजवळ एकच राखाडी होतात. शिवाय हिरवा आणि लाल ही जोडी लाल-हिरवं रंगांधत्व असणाऱ्यांना वेगळी ओळखणं कठीण जातं. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. वर्गात, कार्यालयात, संशोधनाच्या परिसंवादात असा कोणी ना कोणी असतोच, हे धरूनच रंग निवडायला हवेत.

मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी शास्त्रज्ञांनी सुचवलेला आठ रंगांचा संच यासाठी भरवशाचा आहे. त्यातले तीन इथे घेऊ: निळा (०, ११४, १७८), शेंदरी (२१३, ९४, ०) आणि आकाशी (८६, १८०, २३३). त्याच सूत्राने यांच्या राखाडी छटा ८७, ११९ आणि १५८ येतात. तीस-चाळीसचं अंतर कागदावरही कळतं. आता वाटप. ज्या दोन जाती एकमेकींत मिसळतात त्यांना रंगछटेत सगळ्यात दूरचे रंग द्यायचे: अ‍ॅडेलीला निळा, चिनस्ट्रॅपला शेंदरी. जेंटू बाजूला आहे, तिला आकाशी चालेल. निळा आणि आकाशी शेजारी आले असते तर घोळ झाला असता. रंगांच्या यादीचा क्रम आणि डेटासेटचा क्रम एकच असला पाहिजे, म्हणून जातीचं नाव आणि रंग यांची डिक्शनरी करून ठेवावी आणि यादी त्यातूनच बनवावी. उद्या डेटा गाळून दोनच जाती राहिल्या तरी चिनस्ट्रॅप शेंदरीच राहील.

मॅटप्लॉटलिबला रंग ० ते १ च्या पल्ल्यात लागतात, म्हणून प्रत्येक आकडा २५५ ने भागायचा. तीन दशांश आकड्यांची एक जोडणी म्हणजे एकच रंग धरला जातो, तीन राखाडी छटा नव्हे. राखाडी छटा हव्या असतील तर प्रत्येक आकडा अवतरणचिन्हांत, स्ट्रिंग म्हणून द्यावा लागतो.

तयार शैली हवी असेल तर टॅब्लो-कलरब्लाइंड१० ही स्टाइल शीट बऱ्याच काळापासून आहे, आणि ३.१० मध्ये पेट्रॉफ१० ही नवी आली. दोन्ही चालतील. फक्त दहा रंग उपलब्ध आहेत म्हणून एका हिस्टोग्राममध्ये दहा डेटासेट टाकू नयेत. चारच्या पुढे गेलात की वेगवेगळ्या चौकटी करून एकाखाली एक ठेवा आणि एक्स अक्ष सामायिक ठेवा. कोणताही रंगसंच त्या गर्दीला वाचवू शकत नाही.

एकमेकांवर आलेले रंग

बहुतेक बिघाड इथे होतात, म्हणून थोडं थांबून पाहू.

अल्फा ०.५ देऊन दोन हिस्टोग्राम एकावर एक काढले की जिथे ते एकमेकांवर येतात तिथे तिसराच रंग तयार होतो. आणि तो कोणता असेल हे काढण्याच्या क्रमावर अवलंबून असतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर आधी सायकलमधला निळा आणि वर नारिंगी काढला तर मिश्रण (१९९, १५७, ११६) येतं, म्हणजे मातकट. क्रम उलटा केला तर (१४३, १५५, १५७), म्हणजे चक्क राखाडी. या तिसऱ्या रंगाची लेजंडमध्ये (रंगांचा अर्थ सांगणाऱ्या चौकटीत) नोंद नसते, आणि वाचणारा तो तिसरा गट समजू शकतो. तीन डेटासेट असतील तर अशी मिश्रणं चार होतात.

यात आणखी एक गुंता आहे. एकाच हिस्ट कॉलमध्ये यादी देऊन स्टेपफिल्ड (सुट्या बारऐवजी एकच भरीव आकार काढणारा हिस्टटाइप) काढलं तर लायब्ररी डेटासेट उलट्या क्रमाने काढते, म्हणून पहिला डेटासेट सगळ्यात वर येतो. वेगवेगळे तीन कॉल केले तर शेवटचा वर येतो. रंग तेच, डेटा तोच, पण आलेख वेगळा दिसतो. क्रम हातात ठेवायचा असेल तर वेगळे कॉल करून प्रत्येकाला झेड-ऑर्डर (कोण वर, कोण खाली हे ठरवणारा आकडा) द्या.

दोन डेटासेट असतील तर सगळ्यात स्पष्ट मार्ग असा: एक भरीव, एक नुसती बाह्यरेषा. मागचा हिस्टटाइप स्टेपफिल्ड, फिका रंग. पुढचा हिस्टटाइप स्टेप, गडद रंग, लाइनविड्थ १.५ ते २. मिश्रण होतच नाही. स्टेपमध्ये फेसकलर दिला तरी काही दिसत नाही, कारण तिथे भरणं बंद असतं. रंग कलरमधून किंवा एजकलरमधून द्यायचा.

तीन पेंग्विनसाठी तिघांनाही हलका भराव आणि ठळक कड द्यावी. इथे अल्फा पॅरामीटर वापरू नका. अल्फा दिला की तो आतला आणि कडेचा दोन्ही रंग पारदर्शक करतो आणि रंगात आधी दिलेली पारदर्शकताही पुसतो. त्याऐवजी फेसकलर म्हणून रंग आणि पारदर्शकता यांची जोडी द्या: शेंदरी आणि ०.२५, अशी. ही जोडीची पद्धत ३.८ पासून आहे. त्याआधीच्या आवृत्तीत चार आकड्यांचा रंग द्यावा लागेल, चौथा आकडा ०.२५. एजकलर मात्र अपारदर्शक ठेवा, लाइनविड्थ १.५. अ‍ॅडेली आणि चिनस्ट्रॅप कितीही मिसळले तरी डोळा कडेच्या रेषेवरून आकार ओळखतो.

याला बार नव्हे, स्टेपफिल्डच हवं. बार वेगवेगळे आयत असतात. प्रत्येकाला स्वतःची कड असते आणि शेजारच्या दोन कडा एकमेकांवर येतात. कडा पारदर्शक असतील तर त्या जागी दुप्पट गडद उभ्या रेघा दिसतात. कड दिलीच नाही तर पीडीएफ किंवा एसव्हीजी उघडल्यावर दोन बारच्या मध्ये केसाएवढ्या पांढऱ्या फटी दिसू शकतात. स्टेपफिल्ड हा एकच बहुकोन असतो, त्यामुळे आत कडाच नसतात आणि दोन्ही त्रास मुळातून जातात. बिन हजारांवर गेले तर तो बारपेक्षा वेगानेही काढला जातो. संख्या आधीच मोजून ठेवल्या असतील तर स्टेअर्स हे फंक्शन वापरा, ते ३.४ पासून आहे. त्यात भराव मुळात बंद असतो, फिल चालू करावा लागतो.

रंगावर विसंबायचंच नसेल तर हॅच आहे: तिरप्या रेघा, ठिपके, फुल्या. चिन्ह दोन-तीनदा दिलं की नक्षी दाट होते. हॅचचा रंग एजकलरवरून येतो, म्हणून कड पांढरी ठेवून हॅच दिला तर नक्षीही पांढरी होते आणि फिक्या भरावावर दिसत नाही.

कडेचा हिशेब

२.० पासून भरलेल्या बारना मुळात कड नसते, म्हणून शेजारचे सारख्या उंचीचे बार एकच ठोकळा वाटतात. पॅच-टिंब-एजकलर ही सेटिंग बदलून काही होत नाही, कारण पॅच-टिंब-फोर्स-अंडरस्कोर-एजकलर बंद असेपर्यंत भरलेल्या पॅचना तो रंग लागतच नाही. दोन्ही बदला, नाहीतर थेट हिस्टला एजकलर पांढरा द्या.

पण किती जाड? मूळ आकृती ६.४ इंच रुंद असते, त्यातली ७७.५ टक्के रुंदी अ‍ॅक्सेसला मिळते, म्हणजे ४.९६ इंच किंवा सुमारे ३५७ पॉइंट. दोन्ही बाजूंचं ५-५ टक्क्यांचं मार्जिन वगळलं की डेटाला सुमारे ३२५ पॉइंट उरतात. १३ बिन असतील तर एक बार २५ पॉइंटचा, त्याला १ पॉइंटची कड शोभते. १०० बिनना बार ३.२५ पॉइंटचा, कड ०.३ च्या वर नको. ३०० बिनना बार जेमतेम १.०८ पॉइंटचा, १ पॉइंटच्या कडेचा निम्मा भाग दोन्ही बाजूंनी आत येतो आणि रंगाला ०.०८ पॉइंट उरतो. आलेख रिकामा दिसतो आणि लोक डेटात चूक शोधत बसतात. शंभरच्या पुढे कड काढूनच टाका.

गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या कडा जाळीसारख्या दिसतात. तिथे एजकलर म्हणून अ‍ॅक्सेसचाच पार्श्वरंग द्यावा, गेट-अंडरस्कोर-फेसकलरने विचारून. मग थीम बदलली तरी कड बरोबर राहते.

प्रत्येक बारला वेगळा रंग

उंचीप्रमाणे बार फिके-गडद करायची हौस खूप दिसते. ते टाळावं. उंची अक्षावर वाचता येतेच, तीच माहिती रंगाने पुन्हा सांगून काही मिळत नाही, उलट वाचणारा रंगाचा वेगळा अर्थ शोधू लागतो. एक्स अक्षावरच्या मर्यादेप्रमाणे रंग बदलणं मात्र खरंच उपयोगी आहे.

उदाहरण हवेतल्या पीएम २.५ कणांचं घ्या. भारतात २००९ पासून त्याची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. रोजच्या सरासरीचा हिस्टोग्राम काढून मर्यादेच्या वरचे दिवस शेंदरी करायचे आहेत. मर्यादा बिनच्या मधोमध आली तर तो बार कोणत्याच रंगाचा खरा ठरत नाही, म्हणून बिनची एक कड मर्यादेवर हवी. त्यातही बिन डावीकडून बंद आणि उजवीकडून उघडा असतो (शेवटचा तेवढा दोन्हीकडून बंद). म्हणजे कड ६० वर ठेवली तर बरोबर ६० असलेला दिवस, जो मर्यादेत आहे, तो वरच्या बिनमध्ये जाऊन शेंदरी होईल. आकडे पूर्णांकांत असतील तर कडा ०.५, १०.५ अशा करत ६०.५ वर आणाव्यात. मग पॅच आणि त्यांच्या डाव्या कडा झिपने जोडून, डावी कड ६०.५ किंवा जास्त असेल तिथे सेट-अंडरस्कोर-फेसकलर चालवायचं.

हिस्टटाइप बारच असला पाहिजे. स्टेपफिल्डमध्ये पॅच एकच परत येतो, लूप एकदाच फिरतो आणि अख्खा आलेख पहिल्या बिनच्या हिशेबाने रंगतो. लेजंडही हाताने बनवावं लागतं, कारण आपोआप बनणारं लेजंड पहिल्या बारचाच रंग दाखवतं. पॅच क्लासचे दोन नमुने बनवून त्यांना नाव द्या आणि तेच लेजंडच्या हँडल्समध्ये टाका. स्टेपच्या बाबतीत लेजंडमध्ये रेघेऐवजी रिकामी चौकट येते. तिथे लाइन-टू-डीचा नमुना द्यावा. लेजंडचा क्रम उलटा आला तर ३.७ पासून रिव्हर्स हा पॅरामीटर आहे.

लायब्ररीतच सुधारणा करायची असेल तर

वर ज्या मर्यादा आल्या त्यांतल्या काही कोणीतरी बसून दुरुस्त केल्या म्हणूनच सुटल्या. जॉन हंटर यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आजही उघड्यावर चालतो आणि फेसकलरच्या याद्यांसारखा बदल कोणालाही पाठवता येतो.

आधी गिटहबवर मॅटप्लॉटलिबचा इश्यू ट्रॅकर शोधा. हिस्ट आणि कलर या शब्दांवर जुन्या चर्चा मिळतील. बहुतेक सूचनांवर आधीच बोलणं झालेलं असतं आणि एखादा पर्याय का नाकारला तेही लिहिलेलं असतं. नवा पॅरामीटर सुचवण्याआधी आहे त्याच पॅरामीटरला जास्त प्रकारचं इनपुट घेता येईल का ते पाहा. हिस्टला आधीच ढीगभर पॅरामीटर आहेत. नवा घालायला सांभाळणारे सहजी तयार होत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

मग फोर्क (गिटहबवर स्वतःची प्रत) करून क्लोन करा, म्हणजे ती प्रत आपल्या संगणकावर उतरवा, आणि मेन शाखेवरून नवी शाखा काढा. रेपोमध्ये एन्व्हायर्नमेंट-टिंब-वायएमएल फाइल आहे, तिच्यावरून कोंडाचं एमपीएल-डेव्ह हे एन्व्हायर्नमेंट बनतं. इन्स्टॉल एडिटेबल पद्धतीने, बिल्ड आयसोलेशन बंद ठेवून करायचं. आता बिल्ड मेसॉन या बांधणीच्या साधनावर चालतं, त्यामुळे सी++ कंपायलर लागतो; पहिल्याच पायरीला अडकलात तर बहुधा तोच नसतो.

हिस्टचा कोड लिब फोल्डरातल्या मॅटप्लॉटलिब, अ‍ॅक्सेस, अंडरस्कोर-अ‍ॅक्सेस-टिंब-पीवाय या फाइलमध्ये आहे. फंक्शन लांबलचक आहे, पण रंगांचा भाग दोनच ठिकाणी. वरच्या अर्ध्यात कलरची यादी तयार होते आणि डेटासेटच्या संख्येशी ताडली जाते. अगदी शेवटी पॅचवर फिरणारा लूप आहे, जिथे फेसकलर, एजकलर, हॅच वगैरे लावले जातात. ३.१० मधला बदल याच लूपमध्ये झाला: प्रत्येक पॅरामीटर आधी रंगांच्या अ‍ॅरेत बदलायचा, मग इटरटूल्सच्या सायकलमध्ये घालायचा आणि दर डेटासेटला पुढचा उचलायचा. तुमच्या बदलालाही हाच साचा वापरावा.

तीन सापळे आधीच ओळखून ठेवा. नन ही स्ट्रिंग म्हणजे रंगच नको. तिला अ‍ॅरेत बदललं तर रिकामा अ‍ॅरे मिळतो आणि रिकाम्या सायकलमधून पुढचा रंग मागताच कोड कोसळतो. ती वेगळी हाताळावी लागते. दुसरं, स्टेपमध्ये एजकलर दिला नसेल तर तो कलरवरून आला पाहिजे, इतर प्रकारांत नाही. तिसरं, फेसकलर आणि एफसी, एजकलर आणि ईसी ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. एका नावावर चालणारा बदल दुसऱ्यावर चालतो का ते तपासा.

चाचण्या टेस्ट-अंडरस्कोर-अ‍ॅक्सेस-टिंब-पीवाय या फाइलमध्ये लिहायच्या. चित्राची नवी फाइल जोडण्यापेक्षा चेक-अंडरस्कोर-फिगर्स-अंडरस्कोर-इक्वल हा डेकोरेटर वापरा. एका आकृतीत यादी देऊन एकच हिस्ट कॉल, दुसरीत प्रत्येक डेटासेटचा वेगळा कॉल. दोन्ही पिक्सेलला पिक्सेल सारख्या आल्या की चाचणी पास. वर सांगितलेला उलटा क्रम इथे आडवा येतो. संदर्भ-आकृतीतल्या कॉलना उतरत्या क्रमाने झेड-ऑर्डर दिली नाही तर बरोबर कोडही नापास होतो. ही तुलना स्टेप आणि स्टेपफिल्डवर चालवा. बार आणि बारस्टॅक्डमध्ये एकाच कॉलमधले डेटासेट शेजारी किंवा एकावर एक रचले जातात, वेगळ्या कॉलशी ते जुळत नाहीत, म्हणून तिथे पॅचचे रंग थेट तपासा. चाचण्या चालवणाऱ्या पायटेस्टला के पर्यायाने हिस्ट हा शब्द दिला की फक्त संबंधित चाचण्या चालतात आणि अख्खा संच चालायची वाट पाहावी लागत नाही.

फंक्शनची सही, म्हणजे पॅरामीटरची नावं किंवा क्रम बदलला असेल तर टूल्स फोल्डरातलं बॉयलरप्लेट-टिंब-पीवाय चालवा. पायप्लॉटमधली हिस्टची आवृत्ती त्यातूनच आपोआप बनते, हाताने बदलायची नसते. सोबतची पीवायआय फाइलही बदला, त्यात टाइप लिहिलेले असतात. जुन्या कोडची वागणूक बदलत असेल तर थेट बदल चालत नाही, आधी डेप्रिकेशनची सूचना द्यावी लागते आणि ती किमान दोन लहान आवृत्त्या ठेवायची असते.

डॉकस्ट्रिंगमध्ये (फंक्शनसोबत कोडमध्येच लिहिलेल्या माहितीत) नवा प्रकार कसा वागतो हे एका-दोन वाक्यांत लिहा, आणि यादी अपुरी पडली तर काय होतं तेही. वापरणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. नव्या सुविधेची छोटी नोंद नेक्स्ट-व्हॉट्स-न्यू फोल्डरात एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, चित्र काढणाऱ्या पाच-सहा ओळींसह. ओळीची लांबी ८८ अक्षरांच्या आत.

पुल रिक्वेस्टमध्ये (बदल सामील करून घ्यायच्या विनंतीत) आधीचा आणि नंतरचा आलेख शेजारी शेजारी टाका आणि कोणता इश्यू सुटतो त्याचा क्रमांक द्या. कोडच्या बदलाला साधारणपणे दोन सांभाळणाऱ्यांची मान्यता लागते. अर्धवट असेल तर ड्राफ्ट म्हणून पाठवा, दिशा चुकत असेल तर लवकर कळतं. कागदपत्रांचं बिल्ड लाल झालं आणि कोडच्या चाचण्या हिरव्या असतील तर आधी डॉकस्ट्रिंगमधले संदर्भ आणि इंडेंट तपासा. आढावा घेणारा बहुधा पहिलं विचारेल ते हे: कलर आणि फेसकलर दोन्ही दिले तर काय व्हायला हवं? त्याचं उत्तर चाचणीच्या रूपात आधीच जोडलेलं असलं तर एक फेरी वाचते.